भूक पोटात लागते, पण हिशेब चरबी ठेवते!

‘वजन वाढलंय? मग तोंडावर ताबा ठेव!’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पण भूक फक्त मनाच्या निग्रहावर चालते का?

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने अतिलठ्ठ उंदरांमधला बिघडलेला जीन शोधला. या जीनमुळे चरबीच्या पेशी लेप्टिन हे हार्मोन तयार करतात. ते रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं, की साठा पुरेसा आहे. हा निरोपच गेला नाही, तर मेंदूला उपासमार झाल्यासारखी वाटते आणि भूक खवळते.

मग लेप्टिन टोचलं की सगळे बारीक? औषध कंपन्यांनाही तशीच आशा होती. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांची भूक मात्र या इंजेक्शनने आटोक्यात आली.