दुसरी तार गेली कुठं?

पोट्टेहो, आधी एक कोडं घ्या.

वरूडच्या स्टँडवरून मोर्शीकडे निघालेली एक जुनी काळीपिवळी आहे असं समजा. दिवस मावळतीला आलाय, पण गाडीचे लाइट अजून बंदच आहेत. ड्रायव्हरभाऊंनी वळायला इंडिकेटर दिला. हिरवा बाण लुकलुकायला लागला, ते ठीकच. पण त्याच्याबरोबर मीटरमधले ते दिवेही मंद मंद लुकलुकायला लागले, जे कोणी चालू केलेच नव्हते! पुढं अंधार पडल्यावर हेडलाइट लावला, तर डिझेलच्या काट्यानं आपली जागाच सोडली. टाकीतलं डिझेल तेवढंच, काटा मात्र हलला. मागच्या सीटवरून आवाज येणारच, "अबे, भूत लागलं काय गाडीले?"

या भुताचा पत्ता शोधायला आपण बॅटरीपासून निघू. जीपच्या किंवा कारच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांचे आणि गंधकाम्लाचे सहा कप्पे असतात. एकेका कप्प्यात साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे सहा मिळून १२.६. आपण तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो, तो नुसता हिशेब सोपा करायला. शिशाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये बनवली. तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता!

आता तुमच्या बागेतलं ठिबक आठवा. पाणी नळीतून निघतं, संत्र्याच्या झाडाशी पोचतं आणि तिथंच मुरतं. परत विहिरीत जायची त्याला काही गरज नाही. विजेचं तसं चालत नाही. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला प्रवाह दुसऱ्या टोकाला परत पोचलाच पाहिजे. परतीची वाट नसेल, तर तो निघतच नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा हव्यात, एक जायची आणि एक यायची.

पण जुन्या जीपच्या छतातला दिवा उघडून पाहा. बऱ्याचदा त्याला एकच तार दिसते. हॉर्नलाही तसंच. मग दुसरी तार गेली कुठं?

तुम्ही तिच्यावरच बसलेले असता! गाडीचा लोखंडी सांगाडा हीच दुसरी तार. बॅटरीचं निगेटिव्ह टोक जाड पट्टीनं सांगाड्याला जोडलेलं असतं. त्यामुळे दिव्याचं एक टोक पत्र्याला टेकवलं की प्रवाह पत्र्यातून चालत बॅटरीपर्यंत परत येतो. तांब्याची निम्मी तार वाचली. मेकॅनिक मंडळी या जोडणीला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. आजोबांच्या सायकलच्या डायनॅमोलाही एकच तार असायची, बाकीचं काम सायकलची फ्रेम करायची. नरखेडहून धडाडत जाणाऱ्या विजेच्या रेल्वेला तरी कुठं दोन तारा असतात? डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि परतीची वाट चाकांखालच्या रुळांतून असते.

मला ही युक्ती फार आवडते. पण जुन्या गाड्यांची निम्मी दुखणीही तिच्यातूनच निघतात. तांब्याच्या तारेला वर प्लॅस्टिकचं कवच असतं. सांगाडा मात्र उघडा. त्याला पाऊस लागतो, चिखल लागतो, आणि जिथं अर्थचा स्क्रू पत्र्यात बसतो तिथं गंज चढतो. तो नेमका तिथंच का चढतो, ठाऊक आहे? त्याचं उत्तर वरूडमध्ये घरोघरी सापडेल. एका संत्र्यात लोखंडी खिळा खुपसा आणि थोड्या अंतरावर तांब्याची तार खुपसा. दोन्हींना मल्टिमीटर लावला, तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये आंबट रस, झाला एक छोटा सेल! या सेलमध्ये लोखंड हळूहळू झिजत जातं. आता अर्थच्या स्क्रूकडे या. पितळेचं किंवा तांब्याचं थिंबल (तारेच्या टोकाची गोल कडी), त्याखाली लोखंडी पत्रा, आणि मधल्या फटीत पावसाचं मळकं पाणी. तिथंही तसाच चिमुकला सेल तयार होतो आणि वर्षानुवर्षं पत्रा खात बसतो. गंज विजेला धड वाट देत नाही.

आता भूत पकडता येईल. मीटरच्या डब्यात मागून कितीतरी तारा येतात. काट्याची वेगळी, बाणाची वेगळी, रात्रीच्या उजेडाची वेगळी. परत जायला मात्र सगळ्यांना मिळून बहुतेक वेळा एकच तार असते, आणि ती कुठंतरी पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते. तो स्क्रू गंजला की बाणाच्या बल्बमधून आलेला प्रवाह डब्यात अडकतो. मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा घुसतो, त्या बल्बच्या तारेतून मागे मागे जात थेट गाडीच्या टेललॅम्पपर्यंत पोचतो, कारण दोघांना वीज एकाच स्विचकडून मिळते. टेललॅम्पचा अर्थ शाबूत असतो, तिथून तो सांगाड्यात उतरतो. बल्बला उलटं-सुलटं काही कळत नाही, प्रवाह कुठूनही आला तरी तार तापते. उजेड मात्र मंद, कारण तेच १२ व्होल्ट आता दोन-तीन बल्बांत वाटले गेले. काट्याचंही तेच. हेडलाइट लावला की मीटरच्या दिव्यांचा प्रवाहही त्याच गंजक्या वाटेवर गर्दी करतो, आणि काट्याच्या वाट्याचे व्होल्ट बदलतात.

गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली की पुढचं बोलणं साधारण ठरलेलं.

"काका, बल्ब बदलले, फ्यूज बदलला, तरी तसंच. नवं मीटरच टाकू काय?"

"थांब ना बाप्पा! मीटरनं तुयं काय घोडं मारलं?"

आणि काका एक साधी तार घेतात. तिचं एक टोक मीटरच्या अर्थला लावतात, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. भूत गायब! म्हणजे दोष परतीच्या वाटेत होता. मग स्क्रू काढायचा, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायचा, थिंबल घासायचं, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. खर्च जवळजवळ शून्य. नुसते पार्ट बदलत सुटणाऱ्यापेक्षा एक तार लावून विचार करणारा मेकॅनिक केव्हाही भारी, असं माझं मत आहे.

छतातला दिवाही मोठा कामाचा. सकाळी चावी फिरवली आणि गाडी नुसतीच ‘टक’ करून गप्प बसली, तर तो दिवा लावा आणि मोठ्या माणसाला पुन्हा चावी फिरवायला सांगा. दिवा एकदम मलूल झाला, तर बॅटरी तरी उतरलीय, नाही तर तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर चढलाय. दिवा तसाच लख्ख राहिला, तर दुखणं पुढं, स्टार्टरच्या (इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्या) वाटेत.

पण टोकं खराब असताना दिवा आधी लख्ख लागतोच कसा? गणित करू. छतातला ५ वॅटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. स्टार्टर सहज १५० घेतो. जोडणीत समजा फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे. दिव्याच्या वेळी तिथं ०.००८ व्होल्ट वाया जातात, कोणाला कळणारही नाही. स्टार्टरच्या वेळी मात्र १५० गुणिले ०.०२, म्हणजे पूर्ण ३ व्होल्ट! बारातून तीन गेले, मग स्टार्टर काय फिरणार?

याहून मजेशीर प्रकार इंजिनाचा. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये एक विणलेली पट्टी जोडतात. ती तुटली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतायला दुसरं काहीतरी शोधतो, आणि कधी कधी त्याला सापडते अ‍ॅक्सिलेटरची केबल. ती बिचारी इतक्या प्रवाहासाठी नसतेच. चावी फिरवली की तापते, धूर सोडते. लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात आणि दोष असतो वीतभर पट्टीचा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचीही थोडी करामत असते. नवतपात वरूडचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या तापानं तारांवरचं प्लॅस्टिक वर्षागणिक कडक होतं, तडकतं, आणि उघडी तार पत्र्याला टेकली की शॉर्ट. तेव्हा फ्यूज स्वतः वितळून गाडी वाचवतो. चपट्या फ्यूजचा रंगच सांगतो तो किती सोसतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लालच्या जागी हिरवा ठोकणारे किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळणारे शहाणे भेटतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. मग फ्यूज वितळत नाही, तार वितळते, आणि सीट पेटते.

बॅटरीला तुम्ही हात लावायचा नाही, तिच्यात आम्ल असतं. पण काका ती काढताना लांबून बघा. ते आधी निगेटिव्ह खोलतील, मग पॉझिटिव्ह. का? सांगाडा निगेटिव्हलाच जोडलेला आहे ना! निगेटिव्ह खोलताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, दोन्ही एकच. पण निगेटिव्ह तसंच ठेवून पॉझिटिव्हवर पाना लावला आणि तो पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतील आणि ठिणग्यांचा सडा पडेल. बसवताना क्रम उलटा. तो का, ते तुम्हीच शोधा.

आणि घरी करायचा प्रयोग हवाच असेल तर टॉर्चचे दोन सेल, त्यांना चालेल असा छोटा बल्ब, दोन तारा आणि सायकल घ्या. सेल एकामागे एक लावा. त्यांच्या एका टोकाला बल्ब टेकवा, बल्बच्या दुसऱ्या टोकाची तार सायकलच्या हँडलवर धरा, आणि सेलच्या उरलेल्या टोकाची तार त्याच हँडलच्या दुसऱ्या बाजूला. बल्ब लागला? आता तीच तार फ्रेमच्या रंगावर टेकवून पाहा. नाही लागत ना? मग फ्रेमवर रंग उडालेली एखादी जागा हुडका.