अरण्यास खत कोण घालतो?

शेतकरी आपल्या शेतास खत घालतो. न घातल्यास पीक खुरटते, हे आपण सर्व जाणतो. परंतु सह्याद्रीच्या अरण्यात कोणी खताची एक पाटीही टाकीत नाही, आणि तरी तेथील वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या हिरवेगार उभे असतात. हे कसे घडते, याचा विचार आम्ही येथे थोडक्यात करणार आहोत.

मूळ म्हणजे केवळ पाणी ओढणारी नळी होय, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा आहे. मुळाच्या टोकाजवळील सूक्ष्म मूलरोम मातीच्या कणांस बिलगतात. या कणांनी चुना, पालाश इत्यादी द्रव्ये आपल्या अंगावर धरून ठेविलेली असतात. मूळ त्यांस किंचित आम्ल देते आणि मोबदल्यात ही द्रव्ये सोडवून घेते. जणू बाजारातील देवघेवच ही!

स्फुरद मात्र इतक्या सहज हाती लागत नाही. घाटमाथ्यावरील तांबड्या मातीत ते लोहाशी घट्ट जखडलेले असते. येथे झाडाच्या साह्यास बुरशी धावते. मुळे व बुरशी यांच्या या सहवासास फ्रांक नामक जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली नाव दिले. मूलरोम पोहोचत नाहीत तेथवर बुरशीचे तंतू जातात व स्फुरद आणून देतात. झाड त्यांस पानांत तयार झालेली साखर देते. खैर, शिरीष, करंज यांच्या मुळांवरील गाठींत तर असे जीवाणू राहतात की, ते हवेतील नत्र पकडून झाडाच्या स्वाधीन करितात.

पण या व्यापाराचे भांडवल कोठून येते? काही खडक झिजून मिळते. परंतु पुष्कळसे झाडाखालच्या पाचोळ्यातूनच परत येते. गळलेले पान वाळवी, गांडुळे व बुरशी कुजवितात आणि वरच्या थरातील बारीक मुळे त्यातील द्रव्ये पावसाने वाहून नेण्यापूर्वीच टिपून घेतात. म्हणून अरण्यास खत घालणारे अरण्यच होय.

आपल्या पूर्वजांनी देवराईतील काटकीही उचलू नये, असा दंडक अनेक गावी घातला होता. भीमाशंकराजवळील आहुपे गावची देवराई प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या पुण्याच्या संशोधकांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांविषयी लेख लिहून त्यांचे मोल जगापुढे मांडिले.

आमच्या आकुर्डीत अरण्य नाही. कारखाने व घरे यांच्या दाटीत दुर्गाटेकडी आणि रस्त्याकडेची झाडे एवढीच आपली वनसंपत्ती. तीही आपण नकळत लुटतो. अंगणातील पाने झाडून पेटविली की त्यांतील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते, राख वळवाच्या सरीबरोबर वाहते, आणि झाडाच्या मुळांस रिती माती तेवढी उरते.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा एक प्रयोग करून पाहा. पाचोळा न जाळता झाडाच्या बुंध्याभोवती पसरा. पावसाळ्यात खालचा थर हलकेच उचला. कुजत्या पानांवर बुरशीचे पांढरे तंतू व त्यांत शिरलेली कोवळी मुळे कदाचित तुमच्या दृष्टीस पडतील. आपल्या वडीलमाणसांसही ती दाखवा. मग पाचोळ्यास 'कचरा' म्हणण्यास कोणाचीही जीभ धजणार नाही, अशी आमची खात्री आहे.