'गोलमाल'मधला साहेब आणि अर्जावरचे नाव

'गोलमाल' पाहिला नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणे कठीण. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट १९७९ साली आला. पुढे तो टीव्हीवर दिसला, मग व्हिडिओवर, आणि आता लोक मोबाईलवर पाहतात. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलेल्या एका मित्राशी नुकतेच त्यावर बोलणे झाले. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. यंत्र उघडून पाहायचा नाद दोघांनाही, त्यामुळे गप्पा भलत्याच वाटेला गेल्या.

चित्रपटात काय आहे? राम हा चार्टर्ड अकाउंटंट. हुशार आहे, पण नोकरी नाही. साहेब भवानीशंकर याला खेळाचे वेड असलेली, आधुनिक कपडे घालणारी आणि बिनमिशीची तरुण पोरे आवडत नाहीत. म्हणून राम आखूड कुर्ता घालून जातो आणि पेले कोण हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही असे दाखवतो. नोकरी मिळते. पुढे आई आजारी असल्याची थाप मारून तो हॉकीचा सामना बघायला जातो, तिथे साहेब त्याला पाहतो, आणि मग बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो!

अमोल पालेकर नट होण्याआधी बँकेत कारकून होते. साहेब झालेले उत्पल दत्त तर कोळसा खाणीतल्या कामगारांवर 'अंगार' हे नाटक करणारे, १९६५ साली तुरुंगात गेलेले. मालकाची खोड त्यांनी इतकी नेमकी पकडली, ती उगाच नव्हे.

मित्र म्हणाला, "अमेरिकेत १९९९ साली 'ऑफिस स्पेस' नावाचा असाच चित्रपट आला. थिएटरात पडला, नंतर टीव्ही-व्हिडिओवर गाजला. त्यात कॉम्प्युटरवाले वैतागून ऑफिसचा प्रिंटर माळावर नेऊन फोडतात. मला तेव्हा त्या प्रिंटरची दया आली. साहेब मोकळाच राहिला ना!"

मी म्हटले, "अरे, त्यांना निदान नोकरी होती. राम तर दारातच उभा आहे."

त्यावर तो थोडा थांबला. मग म्हणाला, "रामला मिशी लावून भागले. तो वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगतो, रामप्रसाद दशरथप्रसाद शर्मा. शर्मा या नावावर कोण अडवणार? आपल्यातल्या पोराने आडनावाला कुठली मिशी लावायची?"

वाचकहो, हे नुसते बोलणे नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हेच तपासून पाहिले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाले. मुलाखतीच्या खोलीत पाऊलही पडण्याआधीची ही गोष्ट.

आता अर्ज चाळायला यंत्र आले आहे. यंत्राला जात कुठली, असे मला वाटत होते. मित्राने मान हलवली. अॅमेझॉन कंपनीने असे यंत्र बनवले होते. त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले, त्यात पुरुषच जास्त. मग यंत्र बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले. कंपनीला ते बंद करावे लागले, ही बातमी २०१८ साली बाहेर आली. "भवानीशंकर परवडला," मित्र म्हणाला. "त्याची आवड-निवड निदान कळायची. हा पेटीत बसलेला. मी पेटी उघडली तरी सापडणार नाही."

त्याची मुलगी यंदा पदवीधर झाली. अर्जावर नुसते नाव आणि आद्याक्षर लिही, असे शेजाऱ्यांनी सुचवले होते. तिने वडिलांचे नाव, आडनाव, सगळे लिहिले आहे. दोन ठिकाणांहून उत्तर नाही. तिसऱ्या ठिकाणी सोमवारी बोलावले आहे.