पदवीच्या वर्षांत संशोधन : संधी कुठे असते, कशी मिळते?



बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, "सुट्टीत एका सरांकडे संशोधन करायला जायचंय." घरातून पहिला प्रश्न येतो, "त्याचे मार्क किती मिळणार?" बऱ्याचदा एकही मिळत नाही. मग दोन महिने कशासाठी घालवायचे?

जरा प्रात्यक्षिकाची वही आठवा. तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं. रीडिंग चुकलं की मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघून ते 'बरोबर' करतात. संशोधनात मात्र उत्तर सरांनाही माहीत नसतं. रीडिंग वेगळं आलं तर ते का आलं, हे शोधावंच लागतं. ही सवय मार्कांच्या पलीकडची आहे, आणि ती हाताने काम करूनच लागते. म्हणूनच अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या मुलांना थेट प्राध्यापकांच्या संशोधनात घेणारा कार्यक्रम सुरू केला.

आपल्याकडे काय आहे?

१) विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप : बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन राष्ट्रीय अकादमी मिळून ही देतात. विद्यार्थी साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करतो. विद्यावेतन आणि रेल्वेचा प्रवासखर्च मिळतो. विशेष म्हणजे शिक्षकांनाही अर्ज करता येतो!

२) एनआययूएस : मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली सुरू केलेला उपक्रम. आधी शिबिर, मग निवडक मुलांना मार्गदर्शकासोबत प्रकल्प.

३) टीआयएफआर (मुंबई) आणि आयुका (पुणे) यांचे सुट्टीतले कार्यक्रम : भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र यांची आवड असणाऱ्यांनी जरूर बघावेत.

४) आविष्कार : महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. यासाठी गाव सोडायची गरज नाही. गावातल्या पाच विहिरींच्या पाण्याचा पीएच आणि क्षारांचं प्रमाण पावसाळ्याआधी व नंतर मोजणं, हाही चांगला प्रकल्प होऊ शकतो. आपल्याच कॉलेजचे प्राध्यापक मार्गदर्शक असू शकतात.

आता खरी अडचण. काम उन्हाळ्यात असतं, पण अर्ज कितीतरी आधी भरायचे असतात. अकादमींच्या फेलोशिपची मुदत साधारण नोव्हेंबरच्या आसपास संपते. आपली मुलं परीक्षा आटोपल्यावर एप्रिलमध्ये चौकशी करतात, तोवर दार बंद झालेलं असतं. मोठ्या शहरातल्या मुलाला हे सीनियर सांगतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला कोण सांगणार? तिथे हुशारी कमी पडत नाही, माहिती वेळेवर पोहोचत नाही. म्हणून शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच वर्गात या तारखा सांगाव्यात. शिफारसपत्रही लवकर आणि मनापासून लिहावं. 'विद्यार्थी मेहनती आहे' एवढ्याने काही कळत नाही. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणता प्रयोग पुन्हा करून पाहिला, ते लिहा.

प्राध्यापकांना थेट ईमेल करायचा असेल, तर एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. त्या प्राध्यापकांचं काम आधी वाचावं. आपल्याला काय येतं, काय शिकायचंय आणि किती दिवस देता येतील, हे दहा-बारा ओळींत लिहावं. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करावी. तरीही नाही आलं, तर दुसरीकडे लिहावं. नकार म्हणजे नापास नव्हे.

आणि पालकहो, दोन महिन्यांनी मुलगी घरी आली की "काय शोधलंस?" असं एकदम विचारू नका. दोन महिन्यांत शोध लागतोच असं नाही. "काय जमलं नाही, आणि का?" असं विचारा. याचं उत्तर तिने नीट समजावून सांगितलं, तर सुट्टी सार्थकी लागली असं खुशाल समजा.