दुसऱ्या भागाचं हसू

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. वडसा हे त्यांचं मुख्य केंद्र. प्रेक्षक खदखदून हसला, की नट विनोद तिथंच खुलवतो. गप्प राहिला, तर आवरता घेतो. सिनेमाला ही सोय नाही. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ साली आला, दुसरा भाग थेट २०२४ मध्ये. एसटीऐवजी कोकण रेल्वे. कंडक्टर झालेले अशोक सराफ आता टीसी. बढतीच म्हणायची! त्यांना पाहताच येणारा हशा जुन्या ओळखीचा असतो, त्याला नव्या विनोदाची दाद समजू नये. नवा विनोद प्रेक्षक पाठ झालेल्या जुन्याशी ताडून पाहतो, मगच हसतो. झाडीपट्टीतला नट फसलेली जागा पुढच्या गावी बदलतो. इथं पुन्हा संधी मिळायला वीस वर्षं लागली.