महिन्याला २१० रुपये भरा, साठीनंतर ५ हजार मिळवा? कर्जत-खालापूरकरांनी अटल पेन्शनचं खरं गणित समजून घ्यायलाच हवं

माथेरानला गेला असाल तर दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढं तांबड्या मातीतून चालत, नाहीतर घोड्यावरून किंवा हातरिक्षातून गेला असाल. या माणसानं ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. त्यानंतर सगळी चर्चा रंगली ती ई-रिक्षांची. पण एक साधा प्रश्न मागंच राहिला. ज्यानं उभी हयात चढावर रिक्षा ओढली, त्याच्या हातात साठीनंतर दर महिन्याला काय येणार?

ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन.

माथेरान कर्जत तालुक्यात येतं. डोंगर उतरून खाली आलात तरी चित्र फारसं बदलत नाही. नेरळचा रिक्षावाला, मुंबईकराच्या फार्महाऊसवर राखण करणारं जोडपं, वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं, खोपोलीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागलेली पोरं. कर्जत हे रेल्वेचं गाव, त्यामुळं पेन्शन म्हटलं की लोकांना रेल्वेतून रिटायर झालेले काका आणि शाळेतले गुरुजी आठवतात. बाकीच्यांनी आपला त्याच्याशी संबंधच नाही असं धरलेलं असतं.

संबंध आहे. आणि त्यासाठीच २०१५ साली एक योजना आली, अटल पेन्शन योजना. फॉर्म भरलेले खूप आहेत, पण आपण नेमकं काय भरलंय हे माहीत असलेले त्या मानानं कमी. म्हणून जरा निवांत समजून घेऊ.

तर झालं असं की, असंघटित कामगारांसाठी २०१० पासून स्वावलंबन नावाची एक पेन्शन योजना होती. पण साठीनंतर नक्की किती मिळणार याची तिच्यात हमी नव्हती. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला ‘बाजार चांगला चालला तर चांगलं मिळेल’ हे सांगून काय उपयोग? फेब्रुवारी २०१५ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी नव्या योजनेची घोषणा केली, ९ मे २०१५ ला कोलकात्यातून तिचा शुभारंभ झाला आणि १ जूनपासून ती लागू झाली. २०२५ मध्ये तिच्या सभासदांचा आकडा ८ कोटींच्या पुढं गेला.

योजना सोपी आहे. वय १८ ते ४० च्या दरम्यान हवं, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं. साठीनंतर महिना १, २, ३, ४ की ५ हजार पेन्शन हवी ते तुम्ही आधीच ठरवायचं. त्यावर आणि तुमच्या वयावर हप्ता ठरतो, आणि तो खात्यातून आपोआप कापला जातो. ५ हजारांच्या पेन्शनसाठी १८ व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४ रुपये. १ ऑक्टोबर २०२२ पासून इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना नव्यानं सामील होता येत नाही. (कर्जासाठी म्हणून नुसतं रिटर्न भरलंय, कर काहीच बसत नाही, असा माणूस यात मोडत नाही. रिटर्न भरणं वेगळं आणि करदाता असणं वेगळं.)

आता गणिताकडं येऊ, कारण रील्समध्ये नेमकं हेच सांगितलं जात नाही.

तिशीतला माणूस ३० वर्षं ५७७ रुपये भरतो. एकूण भरले २ लाख ७ हजार ७२०. साठीला त्याच्या नावावर साधारण साडेआठ लाखांची रक्कम उभी राहील असं योजनेनं धरलंय. म्हणजे वर्षाला जवळपास ८ टक्क्यांनी पैसे वाढले. त्या साडेआठ लाखांवर महिना ५ हजार, म्हणजे वर्षाला ६० हजार, म्हणजे साधारण ७ टक्के. गुंतवणुकीवर प्रत्यक्षात कमी परतावा मिळाला तर तूट सरकार भरून काढतं, आणि जास्त मिळाला तर तो फायदा सभासदाला द्यायचा असा नियम आहे. ‘सरकारी हमी’ म्हणतात ती हीच.

वाईट सौदा नाही. पण हमी ५ हजार रुपयांची आहे, ५ हजारांत आज जे येतं त्याची नाही.

महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे आजचे जेमतेम ८७० रुपये. आज चाळिशीत असलेल्यासाठी, २० वर्षांनंतर, आजचे साधारण १,५६०. आणि १८ वर्षांच्या पोरानं २१० रुपयांपासून सुरुवात केली तर ४२ वर्षांनंतर त्याच्या ५ हजारांत आजच्या ४३० रुपयांचा बाजार येईल. पेन्शनची रक्कम महागाईप्रमाणे वाढत नाही, सरकारी नोकरांसारखा महागाई भत्ता इथं नाही.

हे ऐकून ‘मग कशाला भरायचं’ असं म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. हे गणित सांगायचं ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे ‘सध्या १ हजारवालीच घेऊन ठेव’ हा सल्ला ऐकू नका. तीस वर्षांनंतरचे १ हजार म्हणजे आजचे पावणेदोनशे रुपये. आधी छोटी घेतली असेल तर आर्थिक वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम वाढवून घेता येते, फरक भरावा लागतो. दुसरं म्हणजे हीच आपली म्हातारपणाची पूर्ण सोय झाली असं समजू नका. हा पाया आहे, घर त्यावर वेगळं बांधावं लागतं.

पाया म्हणून मात्र यात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि तिच्याबद्दल कमीच बोललं जातं. सभासद गेला तर तेवढीच पेन्शन नवऱ्याला किंवा बायकोला आयुष्यभर मिळते. निम्मी नाही, पूर्ण. दोघंही गेले की साडेआठ लाखांची ती रक्कम वारसाला मिळते. सभासद साठीच्या आधीच गेला तर जोडीदार खातं पुढं चालवू शकतो किंवा साठलेले पैसे काढून घेऊ शकतो. फार्महाऊसवर नवरा-बायको दोघं राबतात, पण पगार नवऱ्याच्या हातात आणि नाव नवऱ्याचंच. अशा घरातल्या बाईसाठी नवऱ्याच्या मागं स्वतःच्या खात्यात दर महिन्याला येणारे पैसे, मग ते कमी का असेनात, ही मोठी गोष्ट आहे. शिवाय दोघांना वेगवेगळी खाती उघडता येतात. लाडकी बहीणचे १,५०० ज्या खात्यात जमा होतात, त्याच खात्यातून तिशीतल्या बाईचे ५७७ कापले जाऊ शकतात.

खरी अडचण वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला कापला जातो, पण आपल्याकडं पैसा दर महिन्याला येत नाही.

वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. जाताना उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशोब होतो तो शेवटी. भातवाल्याकडं पैसा येतो तो झोडणी झाल्यावर. माथेरानच्या घोडेवाल्याचा धंदा मे महिन्यात आणि सुट्ट्यांत, पावसात सगळं थंड. अशा माणसाच्या खात्यात ठरलेल्या तारखेला ५७७ रुपये नसतात. हप्ता चुकतो, दर १०० रुपयांमागं महिन्याला १ रुपया दंड लागतो आणि थकबाकी साठत जाते. आठ महिने हप्ते चुकले की थकले ४,६१६ रुपये. मग कधीतरी खात्यात पैसे येतात आणि थकलेले हप्ते दंडासकट त्यातून वळते होतात. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे बँकेनं ‘खाल्ले’ म्हणून माणूस चिडतो, आणि योजनाच बंद करून टाकतो.

इथं नुकसान होतं. साठीच्या आत स्वतःहून बाहेर पडलात तर हमीचं पेन्शन जातं. तुम्ही भरलेले पैसे आणि त्यावर प्रत्यक्षात मिळालेला परतावा, त्यातून खर्च वजा करून, एवढंच हातात येतं.

यावर उपाय फॉर्मवरच छापलेला असतो, फक्त तो कुणी वाचत नाही. हप्ता तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनीही भरता येतो. तिशीतल्या माणसाचा ५ हजारांच्या पेन्शनचा सहामाही हप्ता ३,४०५ रुपये आहे, म्हणजे महिन्याच्या हिशेबानं भरलेल्या ३,४६२ पेक्षा ५७ रुपये कमीच. भट्टीचा हिशोब कुठल्या महिन्यात होतो, भाताचे पैसे कधी येतात, ते बघून खातं कधी सुरू करायचं आणि हप्ता कसा बांधायचा हे बँकेत बोलून ठरवा. हंगामी माणसानं महिन्याचा हप्ता घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पासबुकातली गल्लतही बघून घ्या. वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापले गेलेले दिसले तर ती पेन्शन नाही. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे हप्ते आहेत. तिन्ही योजना एकाच दिवशी सुरू झाल्यामुळं लोक त्या एकच समजतात. अटल पेन्शनमध्ये तुम्हाला १२ आकडी प्रान नंबर मिळालेला असतो. तो नसेल, तर तुम्ही बहुतेक विमाच काढलाय.

खोपोली, सावरोलीकडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन नावाची दुसरी योजना आली. तिच्यात ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं आणि साठीनंतर ३ हजार मिळतात. महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत हवी. ऐकायला अटलपेक्षा स्वस्त, पण जोडीदाराला निम्मीच पेन्शन, आणि ज्याचा पीएफ किंवा ईएसआय कापला जातो त्याला तिथं प्रवेशच नाही. अटल पेन्शनला पीएफ आड येत नाही.

आणि पीएफ कापला जात असेल तर एक पेन्शन तुमची आधीच सुरू आहे. मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शन फंडात जातो. दहा वर्षं नोकरी भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क. १५ हजार पगारावर १० वर्षांचे साधारण २,१४२ रुपये महिना. पण ठेकेदार बदलला की पोरं पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतात, आणि झालेली वर्षं पुसली जातात. नवा ठेकेदार, पुन्हा शून्यापासून. जुनाच यूएएन नंबर नव्या ठेकेदाराला दिला आणि पैसे काढले नाहीत, तर तुटक तुटक केलेली वर्षंही एकत्र मोजली जातात. चार ठिकाणी अडीच-अडीच वर्षं केलेला माणूस पेन्शनला पात्र ठरतो, फक्त मधे फॉर्म भरून पैसे उचलायचे नाहीत.

चाळिशी उलटलेल्यांना अटल पेन्शनचं दार बंद आहे. त्यांना एनपीएस खातं उघडता येतं, वर्षाला किमान १ हजार भरून, पण तिथं हमी नाही. आणि ज्यांचं वय आधीच ६५ झालंय, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, महिना १,५०० रुपये. तिथं काही भरायचं नसतं, अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

वयाचाच विषय निघालाय तर बँकेत जाण्याआधी आधार कार्डावरची जन्मतारीख बघा. आदिवासी वाड्यांवर १ जानेवारी ही तारीख घराघरांत सापडते, कारण नोंदणीच्या वेळी नुसतं वय सांगितलं गेलं आणि वर्ष अंदाजानं पडलं. खरं वय ३८ आणि कार्डावर ४२, तर बँकेतून परत यावं लागेल. शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद असेल तर आधी ती तारीख दुरुस्त करून घ्या, आणि नीट तपासूनच करा, कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.