कुस्ती सुटली, खुराक सुटेना

पैलवानकीचा नाद आपल्या बिद्री परिसराला नवा नाही. पोरगं तालमीत जाऊ लागलं की घरातलं दूध, तूप, बदाम त्याच्याकडे वळतं. त्याला हरकत नाही. प्रश्न पुढचा आहे: कुस्ती सुटल्यावर त्या शरीराचे काय?

जपानच्या सुमो कुस्तीतला हाकुहो २००१ ते २०२१ अशी वीस वर्षे लढला आणि त्याने ४५ स्पर्धा जिंकल्या. शेवटी उजवा गुडघा साथ देईना. मार्च २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, जुलैत त्याने पंधराच्या पंधरा कुस्त्या मारल्या आणि सप्टेंबरमध्ये तो थांबला. वय अवघे ३६. म्हणजे कितीही लांबलेली कारकीर्द चाळिशीच्या आसपास संपते. शरीराला मात्र पुढे आणखी तीस-चाळीस वर्षे काढायची असतात.

आपले गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण, एक रौप्य मिळवले. १९६४ ला ते टोकियो ऑलिम्पिकला गेले. लढणे थांबल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पोरे घडवली. २०१८ साली, ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कुस्ती थांबली, पण आखाडा सुटला नाही.

बहुतेकांचे उलटे होते. जोर-बैठका बंद पडतात, भूक मात्र पैलवानाचीच राहते. मेहनत चालू असते तोवर खुराक जिरतो. ती थांबली की स्नायू उतरतात, चरबी पोटात साठते. मग साखर आणि रक्तदाब वाढतो. वाढलेले वजन आधीच दुखावलेल्या गुडघ्यांवर येते.

म्हणून चार गोष्टी पाळा. मेहनत एकदम सोडू नका. रोज चाला, झेपेल तेवढा व्यायाम करा. मेहनत कमी होईल तसे तूप, थंडाई, मटण कमी करा. वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात. आणि तरण्या पोरांनो, झटपट अंग भरण्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन टोचून घेऊ नका. त्याने हृदय आणि यकृत बिघडते, मूल होण्यातही अडचण येते.

माय-बहिणींनो, ताटात वाढणारा हात तुमचा. पैलवान थांबला, की वाटीही लहान करा.